गाडी एक, चालवणारे चार आणि ॲप मात्र दादाच्या फोनवर

यावेळचं पत्र एका ताईंचं आहे. नाव देऊ नका म्हणाल्यात. पत्र बरंच लांब होतं, मुद्द्याचं तेवढं देते.

"गाडी माझ्या नावावर आहे पण चालवतो चौघं. मी, आमचे हे, नणंद आणि १९ वर्षांचा पुतण्या, ज्याचं लायसन्स नवंकोरं आहे. मी गाडीत बसते तेव्हा सीट पार मागे गेलेली, आरसे आभाळाकडे, फ्युएलचा दिवा लागलेला आणि स्टार्ट केली की गाणी फुल आवाजात. मध्यंतरी ओव्हरस्पीडचा दंड आला, अर्थात माझ्या नावावर, आणि त्या दिवशी गाडी कोणाकडे होती हे कोणी कबूलच करेना. ह्यांचं म्हणणं की एक छोटा ट्रॅकर सीटखाली लपवून टाकू, कोणाला सांगायचं नाही. मला ते पटत नाही पण दुसरं काही सुचतही नाही. गाडीला कंपनीचं ॲप आहे, पण गाडी आणायला माझा मोठा भाऊ गेला होता म्हणून रजिस्ट्रेशन त्याच्याच फोनवर झालंय आणि तो दुसऱ्या शहरात असतो. शिवाय ओळखीचे लोक अधूनमधून गाडी मागतात, नाही म्हणता येत नाही. काय करू?"

ताई, आधी त्या ट्रॅकरचं बोलू, कारण तुमच्या मिस्टरांनी तो ऑर्डर करून पण टाकला असेल अशी मला शंका आहे. लपवू नका. आणि हे मी फक्त चांगलं वाईट म्हणून सांगत नाहीये, तो लपून राहतच नाही. चावीला किंवा पर्सला लावायचे जे ब्लूटूथ टॅग मिळतात, एअरटॅग आणि त्याच्यासारखे, ते मालकाच्या फोनपासून लांब आणि दुसऱ्याच कोणाबरोबर फिरत राहिले की त्या दुसऱ्याच्या फोनवर सूचना जाते, की बाबा एक अनोळखी ट्रॅकर तुझ्याबरोबर फिरतोय. ॲपल आणि गूगलने २०२४ मध्ये ही सोय एकत्र मिळून आणली, त्यामुळे टॅग एका कंपनीचा आणि फोन दुसऱ्या कंपनीचा असला तरी सूचना येते. तर पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच पुतण्याचा फोन त्याला सांगणार, तो सीटखाली हात घालणार आणि मग घरात जे होईल त्यात ओव्हरस्पीडचा विषय कुठल्या कुठे वाहून जाईल, चर्चा एकच राहील, काकूने माझ्यावर पाळत ठेवली.

सिमकार्डवाला वेगळा जीपीएस घेतला तर अशी सूचना येत नाही, हे तुमचे मिस्टर मला लगेच सांगतील. बरोबर आहे. पण समजा तो सापडला नाही आणि तुम्हाला कळलं की गाडी रात्री साडेअकराला गावाबाहेर होती, मग पुढे काय? विचारायला जावं तर ट्रॅकर उघडा पडतो, गप्प बसावं तर ती माहिती असून नसल्यासारखी. आणि नणंदबाईंचं काय, त्याच गाडीतून त्या पण जातात ना. त्या मोठ्या बाई आहेत, त्या कुठे जातात कुणाला भेटतात याची नोंद भावाच्या फोनवर गुपचूप जमा होणं हे मला तरी भयंकर वाटतं, आणि बऱ्याच देशांत असा गुपचूप माग ठेवणं गुन्ह्यात पण मोडतं, गाडी स्वतःच्या नावावर असली तरी सुटका होईलच असं नाही.

आता तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे. ॲप दादाच्या फोनवर आहे. ताई, आजच्या गाडीत आरसी बुकावर नाव कोणाचं आहे हे गाडीला माहीतच नसतं, गाडीसाठी मालक म्हणजे ज्याच्या अकाउंटवर ती जोडली आहे तो. म्हणजे या क्षणी तुमच्या गाडीचा मालक दादा आहे. गाडी कुठे उभी आहे, फ्युएल किती आहे, दारं लॉक आहेत का हे त्याला दिसू शकतं, बऱ्याच गाड्यांत तो तिथे बसून दार उघडू शकतो, काहींत इंजिन पण सुरू करू शकतो. तो बघत नसेलच, भाऊच आहे तो, पण तुम्ही चारजणं रोज जी गाडी चालवता तिच्यावरचा हक्क पाचव्याच्या खिशात आहे आणि बाकी तिघांना तर हे माहीत पण नसेल.

ही गोष्ट लोकांना किरकोळ वाटते म्हणून एक खरा किस्सा सांगते. आयबीएममधले चार्ल्स हेंडरसन म्हणून सिक्युरिटीवाले आहेत, त्यांनी २०१७ मध्ये एका कॉन्फरन्समध्ये जाहीर सांगितलं की मी माझी जुनी गाडी डीलरला परत दिली, सगळ्या चाव्या दिल्या, फोन बिन गाडीतून काढला आणि तरी काही वर्षांनी ॲपमध्ये ती गाडी मला दिसतेच आहे, कुठे आहे ते कळतं, दार उघडता येतं. हा माणूस पेशाने सिक्युरिटीवाला, त्याची ही गत. डीलरने चाव्या मोजून घेतल्या पण ॲपवर कोण आहे हे कोणी तपासलंच नाही. आणि जिथे नातं बिघडलेलं असतं तिथे तर हे फार वाईट वळण घेतं, सोडून गेलेल्या बायकोच्या गाडीवर नवरा ॲपवरून नजर ठेवून आहे अशी प्रकरणं इतकी पुढे आली की कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला, पीडित व्यक्तीने कागदपत्रं देऊन मागणी केली की गाडी कंपनीने दोन कामकाजाच्या दिवसांत त्या दुसऱ्या माणसाचा ॲक्सेस बंद करायचा.

तुमच्याकडे असलं काही नाहीये, त्यामुळे काम सोपं आहे. दादाला फोन करा आणि दोघं एकाच वेळी आपापला फोन हातात घेऊन बसा, कारण ओटीपी त्याच्या नंबरवर येणार आणि दहा मिनिटांनी पाठवतो म्हणाला की तो ओटीपी गेला. त्याने ॲपमधून गाडी काढून टाकायची, म्हणजे ॲप डिलीट करायचं नाही हां, ॲप डिलीट केलं तरी अकाउंट तसंच राहतं, आत जाऊन गाडी अकाउंटमधून काढायची. मग तुम्ही तुमच्या नावाने, तुमच्या नंबरवर रजिस्टर करायचं. बहुतेक गाड्यांत त्यावेळी गाडीत बसावं लागतं, स्क्रीनवर कोड किंवा क्यूआर येतो. कुठे अडलंच तर कंपनीच्या कस्टमर केअरला मालकीची कागदपत्रं दाखवून बदलून मिळतं. हे झालं की युजर लिस्ट उघडा आणि त्यात अजून कोण कोण आहे ते बघा, डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या पोराने डेमो म्हणून स्वतःचा फोन जोडलेला असणं हे काही अगदीच अशक्य नाही.

हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका, कारण पुढच्या बऱ्याच सेटिंगचा ताबा शेवटी या अकाउंटवाल्याच्याच हातात जातो.

आता पुतण्या. इथे तंत्रज्ञान खरंच कामाचं आहे, आणि नवीन पण नाहीये. फोर्डने २००८ मध्ये मायकी म्हणून एक सिस्टीम जाहीर केली होती, २०१० च्या फोकस मॉडेलपासून ती गाडीत आली. कल्पना साधी होती. प्रत्येक चावीत एक चिप असतेच, इंजिन त्याच चिपला ओळखून सुरू होतं, मग चावी ओळखता येते तर चावी कोणाची हे पण ओळखता येईल की. एक चावी पोराची म्हणून नोंदवायची, त्या चावीने गाडी सुरू केली की टॉप स्पीड ताशी ८० मैलांवर म्हणजे जवळपास १३० किलोमीटरवर अडकणार, गाण्यांचा आवाज ४४ टक्क्यांच्या वर जाणार नाही, बेल्ट लावेपर्यंत गाणीच वाजणार नाहीत आणि फ्युएल कमी झाल्याची सूचना नेहमीपेक्षा आधी येणार. आणि ही बंधनं त्या चावीने काढता येत नाहीत, त्याला मोठ्यांची चावी लागते. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन इथेच आल्या बघा, स्पीड, आवाज आणि फ्युएल.

जनरल मोटर्स म्हणजे जीएमने २०१६ च्या शेव्हरोले मालिबूपासून टीन ड्रायव्हर आणलं, त्यात वरच्यासारखी बंधनं आहेतच पण एक रिपोर्ट कार्ड पण आहे, किती अंतर चालवलं, जास्तीत जास्त स्पीड किती गेला, किती वेळा स्पीडची वॉर्निंग वाजली, किती वेळा एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी सोय) लागलं असं. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे तो रिपोर्ट गाडीच्या स्क्रीनवर पिन टाकून बघायचा असतो, म्हणजे आईबाप आणि पोर गाडीत शेजारी बसून बघू शकतात. शिवाय त्यात किती आणि कसं चालवलं एवढंच येतं, कुठे गेला ते येत नाही. व्होल्वोने २०१९ मध्ये केअर की जाहीर केली आणि २०२१ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना दिली, त्यात चावी दुसऱ्याला देण्याआधी टॉप स्पीड आपण ठरवून ठेवायचा. टेस्लात स्पीड लिमिट मोड आहे, चार आकडी पिनवर चालतो.

तुमची गाडी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून मॅन्युअलच्या शेवटी जी सूची असते तिथे प्रोफाइल, गेस्ट, वॅले, स्पीड लिमिट, स्पीड अलर्ट, जिओफेन्स हे शब्द शोधा. बऱ्याच लोकांच्या गाडीत हे असतं आणि त्यांना पत्ताच नसतो.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे उगाच भरवसा ठेवून बसणार नाही. टॉप स्पीड ११० ला अडकवला तर हायवेवरचा प्रश्न सुटतो, पण शाळेसमोरच्या रस्त्यावर कोणी ७० ने गेला तर ती सिस्टीम शांत बसलेली असते, तिच्या दृष्टीने ७० म्हणजे काहीच नाही. म्हणून एकच वरची मर्यादा ठेवण्यापेक्षा खाली दोन तीन टप्प्यांवर बीप वाजेल असं असेल तर ते जास्त उपयोगी, कारण ते चालवणाऱ्याच्या कानात वाजतं, तेव्हाच वाजतं आणि तुमच्यापर्यंत यायची गरज पडत नाही. नव्या गाड्यांत कॅमेऱ्याने पाट्या वाचून आणि मॅपवरून त्या रस्त्याची मर्यादा ओळखणारी सिस्टीम पण येते, युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत ती सक्तीची आहे, पण ती बहुतेक ठिकाणी नुसती टोकते, ड्रायव्हरला ॲक्सिलरेटर दाबून पुढे जाता येतं आणि पाटी झाडामागे लपलेली असेल तर चुकते पण. आणि टॉप स्पीड फार खाली ठेवू नका, ओव्हरटेक करताना किंवा हायवेला लागताना गाडी पुढे सरकेना झाली तर ते स्पीडपेक्षा जास्त धोक्याचं आहे. रस्त्याच्या मर्यादेच्या जरासं वर ठेवा आणि त्याला शेजारी बसवून एकदा दाखवा की बघ इथे अडकते.

ॲपमधले अलर्ट ही वेगळी भानगड आहे. स्पीड अलर्ट, अमुक भागाबाहेर गेली तर अलर्ट, अमुक वेळेनंतर सुरू झाली तर अलर्ट, हे तुमच्या फोनवर येतात आणि गाडीला थांबवत वगैरे काही नाहीत. आणि नेटवर्क लागतं. बेसमेंटमध्ये, घाटात, नेटवर्क नसलेल्या पट्ट्यात अलर्ट येतच नाही नाहीतर तासाभराने येतो, आणि तोपर्यंत तुम्ही झोपलेल्या असता. शिवाय ही ॲपवाली सेवा बऱ्याचदा सुरुवातीची काही वर्षं फुकट असते आणि नंतर पैसे मागते, नाही भरले की बंद. चावीवर किंवा गाडीतल्या प्रोफाइलवर बसवलेली मर्यादा मात्र तशीच राहते. म्हणून माझा कल पहिला गाडीतल्या मर्यादांकडे, अलर्ट नंतर, आणि ते पण मोजके. मी तर म्हणेन एकच ठेवा, स्पीडचा. जिओफेन्स, म्हणजे तो भागाबाहेर गेल्याचा अलर्ट, लावलंत तर तो भाजी आणायला पलीकडच्या चौकात गेला तरी तुमचा फोन वाजणार, आठवड्याभरात तुम्ही स्वतःच नोटिफिकेशन बंद करून टाकाल.

दंडाचं म्हणाल तर इथे मला तुमच्या घरातल्या सगळ्यांचा जरा राग आला. कोणी कबूल करेना म्हणजे काय. गाडीत प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल असेल आणि ज्याने त्याने बसल्यावर आपलं निवडलं तर काही गाड्यांत फेरीची नोंद त्या प्रोफाइलवर पडते, पण खरं सांगू का, यासाठी गाडीची सुद्धा गरज नाही. फोनमध्ये शेअर्ड कॅलेंडर असतं, चौघांना जोडा, गाडी न्यायची असेल त्याने आपलं नाव आणि वेळ टाकायची. नाव नाही तर चावी नाही. दंड आला की तारीख वेळ बघायची, ज्याचं नाव आहे त्याने भरायचा, नाव कोणाचंच नसेल तर चौघांत वाटून, पुढच्या वेळी आपोआप सगळे नावं टाकतात बघा. यात कोणावर पाळत नाही आणि जो नियम पुतण्याला तोच तुमच्या मिस्टरांना. हो, त्यांना पण, तो दंड त्यांचा नव्हता हे तुम्हाला कोणी सांगितलं?

सीट आणि आरशांचं पटकन सांगते. सीट इलेक्ट्रिक असेल आणि मेमरी असेल तर ती प्रोफाइलला किंवा चावीला जोडा, आपली चावी घेऊन दार उघडलं की सीट आपल्या जागी येते. दोन्ही चाव्या सारख्याच दिसतात म्हणून त्यांना वेगळ्या रंगाची कीचेन लावा, नाहीतर तुमची चावी पुतण्याने नेली की गाडी त्याला काकू समजणार आणि त्याच्यावरच्या मर्यादा पण लागणार नाहीत. ही चूक फार घरांत होते. सीट हाताने सरकवायची असेल तर मात्र प्रोफाइल काही करू शकत नाही, निघण्याआधी आरसा लावायची सवय आपणच लावून घ्यायची.

आता ओळखीचे लोक गाडी मागतात ते. इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, चावी देणं, गाडीतली तुमची माहिती झाकणं आणि त्यांची माहिती गाडीतून काढणं.

बऱ्याच गाड्यांत वॅले मोड असतो, मुळात हॉटेलात पार्किंगवाल्याला गाडी देताना लावायला म्हणून. टेस्लात तो लावला की स्पीड ताशी ११३ किलोमीटरवर अडकतो, ताकद कमी होते, पुढची डिकी आणि ग्लोव्हबॉक्स लॉक होतात आणि नेव्हिगेशनमधलं घर आणि ऑफिस दिसेनासं होतं. ते घर लपवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. विचार करा, तुम्ही गाडी दुसऱ्याला देता, मॅपमध्ये होम म्हणून तुमचा पत्ता, फोनबुक स्क्रीनवर सिंक झालेलं, कोणाला कधी फोन केला ते सगळं तिथेच. वॅले नसेल तर गेस्ट प्रोफाइल तरी असतं, तेच लावून चावी द्या.

उलट बाजू पण आहे. ज्याने गाडी नेली त्याने गाणी लावायला आपला फोन ब्लूटूथने जोडला आणि स्क्रीनने विचारलं कॉन्टॅक्ट घेऊ का, त्याने न वाचता हो केलं, की त्याचं अख्खं फोनबुक तुमच्या गाडीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्येच भाड्याच्या गाड्यांबाबत लोकांना हे सांगितलं होतं, की गाडी परत करताना आपला फोन तिच्या मेमरीतून काढा. तर गाडी परत आली की दोन मिनिटं बसून पेअर केलेल्या डिव्हाइसची लिस्ट उघडा आणि अनोळखी नावं उडवा. आणि तुम्ही दुसऱ्याची गाडी आणाल तेव्हा हेच उलट करा, कॉन्टॅक्टला नाही म्हणा, नुसतं चार्जिंग हवं असेल तर गाडीच्या यूएसबीऐवजी सॉकेटमध्ये चार्जर लावा.

नव्या गाडीत फोनच चावी होतो, तो प्रकार असेल तर उधारीसाठी तो चांगला आहे, बरं का. ॲपलने २०२० मध्ये बीएमडब्ल्यूपासून सुरुवात केली, ह्युंदाईचं पण त्याच सुमाराला आलं आणि आता बऱ्याच कंपन्या एकाच मानकावर आल्यात. तुम्ही मेसेजवरून चावी पाठवायची, गाडीने सोय दिली असेल तर नुसतं दार उघडायची परवानगी की चालवायची पण हे ठरवायचं, आणि काम झालं की रद्द करायची. धातूची चावी दिली की ती तीन दिवस त्यांच्या टेबलावर पडून राहते आणि मागायला आपल्यालाच लाज वाटते, इथे तो प्रश्न नाही. फक्त फोनवाली चावी दोन प्रकारची असते हे बघून घ्या. जी फोन दाराला टेकवून किंवा जवळ आल्यावर चालते तिला नेटवर्क लागत नाही, जी ॲपमधल्या बटणाने चालते तिला लागतं, आणि ज्याला दिलीय तो नेटवर्क नसलेल्या जागी अडकला तर रात्री दोनला फोन तुम्हालाच येणार.

आणि उधार दिलेल्या गाडीत रेकॉर्डिंगचा मोह आवरा. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या २०१५ च्या मॉडेलमध्ये वॅले मोड लावला की गाडीतला आवाज आणि व्हिडिओ रेकॉर्ड व्हायचा, लोकांना फार मजा वाटली, आणि मग २०१४ मध्येच जीएमला आपल्या डीलरना आणि ग्राहकांना कळवावं लागलं की हे वापरू नका, कारण अमेरिकेच्या काही राज्यांत समोरच्याच्या संमतीशिवाय त्याचं बोलणं रेकॉर्ड करणं बेकायदेशीर आहे. एवढी मोठी कंपनी तिथे अडकली, आपण कोण. तुमच्या गाडीत डॅशकॅम असेल तर त्याचा आतला माइक बंद ठेवा, नाहीतर चावी देतानाच सांगा की आवाज रेकॉर्ड होतो. रस्त्याकडचा कॅमेरा राहू दे, तो अपघातात सगळ्यांच्याच उपयोगाचा. शिवाय गाडी देण्याआधी इन्शुरन्सच्या कागदात दुसऱ्याने चालवली तर काय ते वाचून ठेवा, नव्या लायसन्सवाल्यासाठी वेगळी अट असू शकते, आणि मागणाऱ्याचं लायसन्स बघायला संकोचू नका.

आता समजा तुमच्या गाडीत यातलं काहीच निघालं नाही, ना मर्यादा ना वॅले, तर लोक तुम्हाला ओबीडीचं डिव्हाइस सुचवतील, स्टीयरिंगच्या खाली जो सॉकेट असतो त्यात खुपसायचं. फेऱ्या, स्पीड, जोरात ब्रेक, सगळं दिसतं, आणि उघड लावलं तर माझी हरकत नाही. पण तो सॉकेट गाडीच्या आतल्या नेटवर्कला जोडलेला असतो हे विसरू नका. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोमधल्या संशोधकांनी असंच एक डिव्हाइस लावलेल्या गाडीला मेसेज पाठवून वायपर चालवून दाखवले आणि कमी स्पीडला ब्रेक लावूनही दाखवले, बंदही करून दाखवले. म्हणून कुठलंही बिननावाचं स्वस्तातलं घेऊ नका, ज्याला अपडेट येतात ते घ्या, आणि गाडी बरेच आठवडे उभी राहणार असेल तर काढून ठेवा कारण ते बॅटरी पीत राहतं. आणि पुतण्याला ते एका सेकंदात उपटता येतं, फार तर तुम्हाला काढल्याचा अलर्ट येईल. तर परत तेच, त्याला माहीत असेल आणि मान्य असेल तरच ते टिकतं.

सांगायचं कसं ते तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगते, कारण इथेच सगळं फिसकटतं. पुतण्याला एकट्याला समोर बसवून आजपासून तुझ्या चावीवर लिमिट आहे असं सांगू नका. चौघं एकत्र बसा, गाडीतच बसा हवं तर, आणि आधी सांगा की इतके दिवस आपण सगळे कुठे आहोत ते दादाला दिसू शकत होतं आणि आता ते मी माझ्याकडे घेतलंय, लोकेशन मला दिसू शकतं, ते मी गाडी चोरीला गेली किंवा कोणी फोन उचलत नसेल तरच बघेन. नणंदबाईंना ते पण नको असेल तर काही गाड्यांत लोकेशन देणं स्क्रीनवरून बंद करता येतं, ते कुठे आहे ते त्यांना दाखवा. मग कॅलेंडरचा नियम, सगळ्यांना. मग पुतण्याची चावी, आणि लगेच ती कधी काढणार ते पण सांगा, सहा महिने दंड नाही आणि कॅलेंडरवर नाव नेहमी असेल तर मर्यादा काढणार, अशी काहीतरी तारीख असू द्या, कारण १९ वर्षांच्या मुलाला तारीख नसलेली अट ही शिक्षा वाटते. सेटिंग त्याच्यासमोर करा. खरंतर त्यालाच करायला सांगा, तुमच्यापेक्षा लवकर करेल, फक्त पिन टाकायच्या वेळी त्याला मान वळवायला लावा.

पिन म्हणजे जन्मसाल नको आणि गाडीच्या नंबरातले चार आकडे तर नकोच. कागदावर लिहून ठेवणार असाल तर तो कागद घरात ठेवा, गाडीच्या कागदांबरोबर ग्लोव्हबॉक्समध्ये नको, आणि मर्यादा नसलेली दुसरी चावी दाराजवळच्या खुंटीवरून काढून तुमच्या कपाटात हलवा.